जुना थिंकपॅड टी४५० घेतलाय नाटकाच्या साऊंडसाठी, आधी काय बदलू? एसएसडी, रॅम की बॅटरी?

साखळीचा_साऊंडवाला

नमस्कार मंडळी. मी साखळीजवळच्या गावातला. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला दरवर्षी हौशी मंडळींचं नाटक असतं आणि गेली सात-आठ वर्षं पार्श्वसंगीत माझ्याकडे आहे. आधी सीडीवर चालवायचो, मग मोबाईलवर, पण मोबाईलचा भरवसा नाही, मध्येच कुणाचा फोन आला की सगळं बोंबलतं, म्हणून यंदा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. नवीन परवडणारा नव्हता. म्हापशाला एका दुकानात ऑफिसातून परत आलेले जुने लॅपटॉप मिळतात तिथून थिंकपॅड टी४५० घेतला, ११ हजारला. आय५ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. बॉडी एकदम धडधाकट आहे, कीबोर्ड तर फारच आवडला.

आता प्रॉब्लेम सांगतो. चालू व्हायलाच साडेतीन-चार मिनिटं लागतात, पण ते एक वेळ चालेल. परवा तालमीत तिसऱ्या अंकात एक जागा आहे, वीज कडाडते आणि मुलगी किंचाळते. मी बरोबर जागेवर कळ दाबली तर आवाज आलाच नाही, नुसतं ते गोल चक्र फिरत राहिलं, मुलगी किंचाळली, पुढची दोन वाक्यं बोलून गेली, आणि मग तिच्या रडण्याच्या मध्यावर कडकडाट आला. कोणी काही बोललं नाही, पण पेटीवर बसलेल्या काकांनी वळून माझ्याकडे बघितलं ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ती मुलगी पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहतेय, तिची जागा माझ्यामुळे जायला नको.

बॅटरी पण चाळीस मिनिटांच्या वर जात नाही. आणि चार्जर लावून मिक्सरला जोडला की स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो.

माझ्याकडे साडेसहा हजारपर्यंत खर्च करायची तयारी आहे. नाटक माघात आहे, म्हणजे वेळ आहे थोडा. दुकानदार म्हणतो प्रोसेसर जुना झाला, आणखी पैसे घाला आणि दुसरा घ्या. खरंच प्रोसेसरमुळे होतंय का हे? आणि मी स्वतः उघडून बदलू शकेन का? स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय आहे, अॅम्प्लिफायरचं किरकोळ काम मी घरीच करतो.

म्हापशेकर_रिपेअर

दादा, आधी एक करा. पैसे खर्च करायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, आणि नेहमी जे जे उघडता ते सगळं उघडून ठेवा, प्लेयर, ब्राउझर, ऑडॅसिटी, जे काय असेल ते. मग सीपीयू, मेमरी आणि डिस्क ह्या तिघांचे आकडे इथे टाका. मेमरीवर क्लिक केलं की खाली स्लॉट्स यूज्ड असं दिसेल ते पण लिहा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते टाकून हार्डडिस्कची तब्येत बघा, निळा दाखवतोय का पिवळा.

प्रोसेसरचं नंतर बोलू. टी४५० मध्ये प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला असतो, तो बदलण्याचा विषयच येत नाही.

डिचोलीकर

भावा डीव्हीडी ड्राइव्ह काढ, त्या जागी कॅडी (डिस्क बसवायचा साचा) घालून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) बसव, जुनी हार्डडिस्क तशीच ठेव. मी माझ्या जुन्या लॅपटॉपला तसंच केलंय, मस्त चालतंय.

म्हापशेकर_रिपेअर

डिचोलीकर, टी४५० ला डीव्हीडी ड्राइव्ह नाहीच आहे. त्यात एकच अडीच इंचाची जागा आहे, ती पण ७ मिमी जाडीची. जुनी ९.५ मिमीची डिस्क त्यात जात नाही, आजकालच्या साटा जोडणीच्या एसएसडी सगळ्या ७ मिमीच्याच येतात त्यामुळे तो प्रश्न नाही.

साखळीचा_साऊंडवाला

आत्ताच बघितलं. सगळं उघडल्यावर सीपीयू १५ ते २० टक्के. मेमरी ९३ टक्के. डिस्क १०० टक्के आणि ती खाली येतच नाही, काही केलं नाही तरी १०० वरच. स्लॉट २ पैकी १ वापरात. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा दाखवतोय, कॉशन, आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट म्हणून जी ओळ आहे तिच्यापुढे पिवळा ठिपका. पॉवर ऑन अवर्स ३१ हजारच्या वर आहेत.

म्हापशेकर_रिपेअर

मग उत्तर तुमच्यासमोरच आहे. प्रोसेसर रिकामा बसलाय, ८० टक्के. त्याला कामच पोचत नाही.

नाटकवाल्याला नाटकाच्या भाषेत सांगतो. रॅम म्हणजे विंगेत हाताशी मांडून ठेवलेलं सामान. हार्डडिस्क म्हणजे देवळामागची खोली, जिथे पेटारे ठेवलेत. विंग छोटी पडली की काय होतं, एक वस्तू आणायची तर दुसरी आधी मागच्या खोलीत नेऊन ठेवायला लागते. तुमची ४ जीबीची विंग भरलीय, त्यामुळे विंडोज सारखं सामान आत-बाहेर करतंय, आणि मागच्या खोलीत जायचा रस्ता म्हणजे ती फिरती तबकडी. तबकडीवर डोकं नेमक्या जागी पोचायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला कमी वाटतं पण असे शेकडो तुकडे एकदम मागितले की सेकंद-सेकंद जातात, आणि तुमच्या वीज कडाडायचा आवाज त्या रांगेत उभा राहतो. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात होतं कारण फिरणारं काही नाहीच तिथे.

आवाजाच्या फाईलचा ह्यात काही दोष नाही हे पण सांगतो. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल म्हणजे सेकंदाला साधारण १७६ केबी, मिनिटाला १० एमबी. ती तुमची मरायला टेकलेली हार्डडिस्क पण सहज देऊ शकते, जर तिला दुसऱ्या कोणी हैराण केलं नाही तर.

आणि त्या पिवळ्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करू नका. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या काही जागा वाचता येत नाहीत म्हणून तिने संशयित म्हणून नोंदवून ठेवल्यात. आज दोन असतील, उद्या त्याच जागेवर तुमचं नांदीचं संगीत असेल. आजच रात्री सगळे आवाज पेनड्राइव्हवर घ्या, एका नाही दोन पेनड्राइव्हवर. ती डिस्क नंतर बाहेरची म्हणून बॅकअपला पण वापरू नका.

घ्यायचं काय ते लिहून घ्या. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी पुरे तुम्हाला. एनव्हीएमई, म्हणजे दुसऱ्या जोडणीची एसएसडी, घेऊ नका, दुकानदार म्हणेल ती जास्त फास्ट आहे, ते खरंच आहे पण ती तुमच्या त्या जागेत बसत नाही. साटावर वेग ५०० एमबीच्या आसपास थांबतो आणि तुमच्या कामाला तेवढा वेग म्हणजे भरपूर. फार स्वस्त अनोळखी नावाची नको, त्यात १ टीबी लिहून आत भलतंच असलेल्या पण बघितल्यात मी, माझ्या टेबलावर आल्यात.

रॅम ८ जीबीची एक कांडी. इथे नीट लक्ष द्या, डीडीआर३एल पाहिजे, शेवटचा एल महत्त्वाचा. ती १.३५ व्होल्टवर चालते. जुनी साधी डीडीआर३ दिसायला हुबेहूब तशीच, खाच पण त्याच जागी, त्यामुळे बसते आरामात, पण ती १.५ व्होल्टची असते आणि पाचव्या जनरेशनला चालत नाही. स्टिकरवर पीसी३एल असं लिहिलेलं बघून घ्या, नुसतं पीसी३ असेल तर परत द्या. जुनी ४ ची कांडी राहू दे, ४ अधिक ८ म्हणजे १२ होतील. दोन्ही ८ च्या घातल्या तर १६, तेवढंच ह्या मॉडेलला कंपनीने सांगितलंय, पण नाटकाला गरज नाही.

काणकोणकरीण

मी शाळेत शिकवते, लॅपटॉपमधली तज्ञ वगैरे नाही, पण एक सांगावंसं वाटतं. आमचं घर पाळोळ्याच्या जवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. माझा जुना लॅपटॉप मी जूनमध्ये कपाटात ठेवला, शाळेचा दुसरा मिळाला म्हणून, आणि चतुर्थीनंतर काढला तर चालूच होईना. नुसता दिवा लागायचा, स्क्रीन काळी. एका दुकानात मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि सात हजार मागितले. मग माझ्या भाच्याने उघडून रॅम काढली तर तिच्या सोनेरी पट्ट्या काळपट झालेल्या, आणि स्लॉटजवळच्या एका स्क्रूला अक्षरशः हिरवं आलेलं, तांब्याच्या भांड्याला येतं ना तसं. त्याने मेडिकलमधून नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाच्या काडीने पुसलं, सुकू दिलं, परत बसवली आणि लॅपटॉप चालू झाला. अजून चालतोय.

म्हणून साऊंडवाले दादा, उघडाल तेव्हा नवीन कांडी घालण्याआधी जुनी पण काढून पुसा. आणि पावसाचे चार महिने कपाटात बंद करून ठेवू नका. मी आता दर रविवारी तासभर चालू ठेवते, आतली गरमी ओल घालवते, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या.

म्हापशेकर_रिपेअर

ताई, शंभर टक्के. माझ्याकडे जुलै-ऑगस्टात येणाऱ्या दहातल्या निदान तीन-चार मशीनचं हेच असतं आणि लोक मदरबोर्ड गेला समजून भंगारात टाकतात. किनारपट्टीला हवेतच मीठ, वर पावसाळ्यात हवा ओलीचिंब, धातूवर धातू टेकतो ती प्रत्येक जागा बिघडायला बघते. खोडरबराने घासू नका मात्र, बरेच जण घासतात, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामा आधीच पातळ असतो तो पण निघतो.

पर्वरीचा_कोडर

वेगळं मत मांडतो. ११ हजार गेले, आता वर साडेसहा, म्हणजे साडेसतरा झाले. तेवढ्यात थोडी भर घालून आठव्या जनरेशनचा जुना टी४८० मिळाला असता. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं, पाचव्यावर नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. म्हणजे तुम्ही अशा मशीनवर पैसे घालताय ज्याला पुढे रस्ता नाही. दुकानदार परत घेत असेल तर परत द्या.

म्हापशेकर_रिपेअर

कोडर बाब, रोजच्या कामाला घेत असते तर मी पण हेच सांगितलं असतं. बँकेचं काम, ईमेल, पोराचा अभ्यास ह्यासाठी टी४८० घ्या म्हटलं असतं. पण हे मशीन विंगेत बसून आवाज वाजवणार. त्याला नेट लागतच नाही, उलट प्रयोगाच्या वेळी वायफाय बंदच पाहिजे. आणि घरी नेटवर बसायचं झालं तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि टी४५० वर ते एसएसडी असताना पळतं. शिवाय एसएसडी कुठे वाया जात नाही, उद्या दुसरा लॅपटॉप घेतला तर ती काढून डबीत घालून यूएसबीवर वापरता येते.

फोंड्याचा_लाईटवाला

उशिरा बघितलं. मी गेली वीस वर्षं उत्सवांच्या स्टेजवर लाईट आणि साऊंड दोन्ही करतो, सत्तरीपासून काणकोणपर्यंत, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो. वरती सगळ्यांनी एसएसडी आणि रॅम सांगितली ते बरोबर आहे, पण बॅटरीचं कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही आणि माझ्या मते तुमच्यासाठी ती रॅमच्या आधी येते.

देवळाच्या पटांगणातला करंट कसा असतो तुम्हाला माहिती आहे. एकाच लाईनवर हॅलोजन, फेरीवाल्यांचे बल्ब, कुणीतरी मागे चहाला इलेक्ट्रिक किटली लावलेली. अंक सुरू होताना सगळे लाईट एकदम चढले की व्होल्टेज बसतो. लाईट गेली तर जनरेटर चालू व्हायला अर्धा मिनिट. लाईटचं काय, प्रेक्षक थांबतात, टाळ्या पण वाजवतात लाईट आली की. पण तुमचा लॅपटॉप त्या अर्ध्या मिनिटात बंद पडला तर परत चालू होऊन फाईल लागेपर्यंत नट स्टेजवर उभा. चांगली बॅटरी म्हणजे तुमचा यूपीएस.

टी४५० ला बॅटरी दोन असतात, एक आत, एक मागून खटका सरकवून निघते ती. मागची बदलायला स्क्रूड्रायव्हर पण लागत नाही. मागची मोठी ६ सेलची मिळते, ती खाली थोडी बाहेर येते आणि लॅपटॉप मागून उचलला जातो, टेबलावर टायपिंगला उलट बरंच वाटतं. आणि आतली थोडी जरी चार्ज असेल तर चालू लॅपटॉपची मागची काढून दुसरी लावता येते, बंद न करता.

आता तुमचं घुंऽऽ. ते लॅपटॉपचं आजारपण नाही. चार्जरची अर्थ (अर्थिंगची वायर) एका बाजूने येते, मिक्सर-अॅम्प्लिफायरची अर्थ दुसऱ्या पॉइंटवरून, आणि तुमची ऑडिओ वायर त्या दोघींना जोडते. तो जो गोल फेरा तयार होतो त्यात ५० हर्ट्झची घरघर शिरते. खात्री करायची असेल तर चार्जर काढा, घुंऽऽ जागच्या जागी थांबेल. म्हणून प्रयोग बॅटरीवर करा, हे दुसरं कारण. आणि चार्जर लावूनच करायचा असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून घ्या, आणि मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी येते ती लावा, आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज जातो पण अर्थ जोडली जात नाही.

हात जोडून एक सांगतो, कुणीतरी तुम्हाला सांगेल चार्जरची अर्थची जाड पिन काढून टाक, आवाज जाईल. जाईल खरा. पण ओल्या मांडवात, दवात, माईक हातात धरलेली पोरं असताना अर्थ काढायची नाही. कधीच नाही. मी एका उत्सवात माईकचा झटका बसलेला माणूस बघितलाय, तो वाचला, पण त्या रात्रीनंतर मी आधी अर्थ तपासतो आणि मग वायरी पसरतो.

साखळीचा_साऊंडवाला

चार्जर काढून बघितला. घुंऽऽ एकदम गेलं. मी दोन महिने वायर बदलत बसलो होतो, तीन वायरी विकत घेतल्या. देव बरें करूं लाईटवाले बाब.

मग आता असं ठरवतो, एसएसडी, ८ जीबी रॅम, मागची बॅटरी आणि ती डबी. आतली बॅटरी बदलायला पाहिजे का? आणि उघडताना काय सांभाळू?

म्हापशेकर_रिपेअर

आतली सध्या राहू दे. फक्त एक तपासा, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून समोरून बघा, तळहात टेकतो तो भाग किंवा टचपॅड वर आलाय का, क्लिक करताना कडक लागतंय का. तसं असेल तर आतली फुगलीय, मग वापरायची नाही, टोचायची-दाबायची तर अजिबात नाही, काढून बाजूला ठेवायची. सपाट असेल तर चिंता नाही.

उघडायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं. चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, कॉन्फिग, मग पॉवर, तिथे डिसेबल बिल्ट-इन बॅटरी असं आहे ते करा. लॅपटॉप आपोआप बंद होईल. मागची बॅटरी काढा. हे केलं नाही तर आतल्या बॅटरीचा करंट बोर्डावर चालूच असतो आणि स्क्रूड्रायव्हर घसरला की एका ठिणगीत काम तमाम. नंतर चार्जर लावला की ती परत आपोआप चालू होते.

बुडाचे स्क्रू सैल करा, ते झाकणातच अडकून राहतात, बाहेर ओढू नका. मग झाकण खटक्यांवर असतं, जुनं एटीएम कार्ड घालून बाजूबाजूने सोडवत जा, एकाच कोपऱ्यात जोर लावला की खटका मोडतो. रॅमच्या दोन्ही बाजूच्या पत्र्याच्या चिमट्या बाहेर केल्या की कांडी स्वतःच तिरकी उभी राहते. नवीन घालताना पण तिरकी, पूर्ण आत ढकलायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसायची बंद झाली पाहिजे, आणि मग खाली दाबायची, टक् आवाज येतो. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ ब्लोअरने काढा पण पंखा बोटाने धरून ठेवा, तो वाऱ्याने गरगर फिरवायचा नाही.

जुन्या डिस्कची नक्कल करू नका. पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कची नक्कल मध्येच अडकते आणि दुकानदाराने आत काय काय भरलंय कोण जाणे. पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाका. मशीनवर आधीचं अधिकृत विंडोज असेल तर त्याचं लायसन बोर्डाशी बांधलेलं असतं, नेट लावलं की आपोआप ओळखतं, परत विकत घ्यायला लागत नाही.

डिचोलीकर

दादा सामान कुठून घेणार? मी पुढच्या आठवड्यात बेळगावला जातोय, चोरला घाटातून, तिथे पण बघून येईन हवं तर. नाटकाला येणार मी, आमच्या आत्याचं गाव तुमच्या शेजारीच.

साखळीचा_साऊंडवाला

झालं मंडळी, सविस्तर सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

एसएसडी २४० जीबी २,१०० ला. बॅटरी ६ सेलची २,६०० ला. डबी ४५० ला. रॅम १,२०० ला. एकूण ६,३५०.

रॅममध्ये मी फसलो. काउंटरवर डीडीआर३एल मागितली, त्यांनी दिली, मी पिशवीत घातली आणि कदंबाच्या बसमध्ये बसलो. घरी आल्यावर घातली तर काळी स्क्रीन आणि नुसते बीप. काढली, पुसली, परत घातली, दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, तेच. मला घाम फुटला, वाटलं बोर्ड गेला. मग जुनी ४ ची एकटी घातली तर चालू झाला. तेव्हा टॉर्च लावून नवीन कांडीचं स्टिकर वाचलं, पीसी३ आणि पुढे थेट १२८००, मध्ये एल नाही. म्हापशेकर बाबनी एवढं लिहून दिलं होतं आणि मी काउंटरवर स्टिकर वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणली, ह्या वेळी तिथेच उभं राहून वाचली. त्यांनी काही कटकट न करता बदलून दिली.

जुन्या रॅमच्या पट्ट्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पुसल्या, कापूस करडा झाला. पंख्यातून तर बोटाच्या पेराएवढा धुळीचा गोळा निघाला, नमद्यासारखा.

आता चालू व्हायला २२ सेकंद लागतात, घड्याळ लावून बघितलं. सगळं उघडून टास्क मॅनेजर बघितला तर डिस्क दोन-तीन टक्के, मेमरी ३८ टक्के. बॅटरी दोन अंकांच्या सलग तालमीला, तीन तास दहा मिनिटं, चार्जर न लावता पुरली आणि वर शिल्लक राहिली.

फोंड्याचा_लाईटवाला

छान. आता आणखी दोन गोष्टी. विंडोजचे सगळे टिंग-टाँग आवाज बंद करा, नाहीतर बॅटरी कमी झाल्याची सूचना तुमच्या शोकदृश्यात स्पीकरमधून ऐकू येईल. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही आणि स्क्रीन आपोआप बंद व्हायची नाही हे सेटिंग पण करून ठेवा. आणि सगळे आवाज ०१, ०२ असे अंक घालून क्रमाने लावा. वीज कडाडायची तेवढी एकच फाईल वेगळ्या पेनड्राइव्हवर आणि मोबाईलवर पण ठेवा, मोबाईल फ्लाइट मोडवर. मी पंधरा वर्षं तसं करतो.

पर्वरीचा_कोडर

आकडे बघून बरं वाटलं. ८० टक्के रिकामा सीपीयू मी नीट वाचलाच नव्हता, जनरेशन बघूनच मत दिलं होतं. क्यू (आवाजांचा क्रम) लावून वाजवायला लिनक्स शो प्लेयर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, खास नाटकासाठीच बनवलेलं, एका कळीवर पुढचा आवाज, फेड वगैरे सगळं. मिंट टाकलंत तर लावून द्यायला मी येतो एखाद्या रविवारी, पर्वरीहून साखळी काही लांब नाही.

साखळीचा_साऊंडवाला

या की. रविवारी चारला तालीम असते, देवळाच्या अग्रशाळेत. जेवायलाच या.

काल रात्री तिसरा अंक परत केला. वीज जिथे कडाडायला हवी तिथेच कडाडली, ती मुलगी दचकली, खरीच दचकली बहुतेक, आणि तिची किंचाळी अशी आली की बाहेर ओट्यावर बसलेले दोघे उठून आत डोकावले. पेटीवाल्या काकांनी ह्या वेळी पण वळून बघितलं.